नमुना एकेचाळीस

भोसरीच्या नाल्याकाठची माती
वाटली होती तितकीच वाईट निघाली.
वाईट, पण कशापेक्षा?
कारखान्याचा वकील हसून म्हणाला,
मॅडम, निकेल तर तुमच्या सह्याद्रीतच आहे.

खोटं नव्हतं ते.
हा काळा दगड पातळ, तापलेला वाहत होता
तेव्हापासून त्याच्या पोटात निकेल आहे,
क्रोमियम आहे, तांबं आहे,
कोणी सांडलेलं नाही, कोणी रात्री गुपचूप सोडलेलं नाही.
वेताळ टेकडीवरून उतरताना बुटाची जी माती
आपण पायरीवर आपटून झटकतो
तिच्यातही आहे.

म्हणून आम्ही शून्य शोधायला निघालो.
शून्य नव्हे, आस्मा तांबोळी मला दुरुस्त करते,
मूळ पातळी. शून्य कुठंच नसतं.

प्लास्टिकचं खुरपं घेतलं,
लोखंडाचं स्वतःचं थोडं मागे सोडतं.
तिची अंगठी, माझ्या बांगड्या
गाडीच्या कप्प्यात, टोलच्या पावत्यांखाली.

तळजाईवर घेतली, तर वरच्या चार बोटांत
जुन्या पेट्रोलचं शिसं अजून बसून होतं.
कात्रजच्या उतारावर घेतली, तो भराव निघाला
कोणाच्या तरी पाडलेल्या स्वयंपाकघराचा,
निळा रंग, कपाचा कान.
खडकवासल्याच्या वर कधीकाळी बाग होती,
मोरचूद फवारलेली.
चाळीस पिशव्या, चाळीस लेबलं,
आणि प्रत्येक पिशवीत
आमच्या आधी कोणीतरी येऊन गेलेलं.

मग मुळशीच्या पलीकडची देवराई.
तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीपर्यंत जात नाही.
धाकलू मरगळेनं चपला बाहेर काढल्या, आम्हीही काढल्या.
जागा त्यानंच दाखवली, देवाच्या अगदी शेजारची,
हितं कुणी हात लावत न्हाई.
माती नेऊन काय करनार?
मी म्हटलं, माणूस यायच्या आधी ती कशी होती ते बघणार.
त्यानं तंबाखू मळली, झटकली.
तवा बघाया कोन हुतं?

सावलीत वाळवली, चाळली,
ढीग केला, चार वाटे केले,
समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा ढीग,
असं करत करत अख्खी देवराई
एका चमच्यावर आली. मग आम्ल.

मंगळवारी आकडे आले.
निकेल, क्रोमियम, तांबं, सगळं दगडाच्या हिशोबात.
शिसं नाल्यापेक्षा जास्त.

आस्मानं मशीन धुतलं, कोरं पाणी चालवलं,
पुन्हा एकेचाळीस चालवला.
तोच आकडा, दशांशाचा फरक.
जेवणाचा डबा उघडून ती बराच वेळ तशीच बसली,
मग म्हणाली, त्या देवाला नाकडोळे नव्हते, आठवतं?

नव्हते. शेंदराचं कवच होतं, हातभर जाड.
शेंदूर म्हणजे शिसं.
तेलात कालवलेलं, तळव्यानं थापलेलं,
आज्यापणज्यांनी, नवसाला, नवस फिटल्यावर,
आणि दर आषाढात थोडं थोडं उतरत गेलेलं
त्याच मातीत
जिला कुणी हात लावत नाही.

पुन्हा गेलो. चढावर, शंभर पावलं दूर,
कमरेइतकं खणलं,
मुरूम लागला, दगड जिथं नुकता माती व्हायला लागलाय तिथं.
बेचाळीस. शिसं नावाला.
धाकलू खड्ड्याच्या काठावर बसून बघत होता.
घावली का?
घावली.
मंग ही वरली कुनाची?

तक्त्यात एकेचाळीससमोर
शिशाच्या कारणाचा रकाना आहे.
मी लिहिलं, देव. खोडलं.
मानवी हस्तक्षेप, असं लिहिलं,
तेही खोडलं, कारण तोच शब्द
मी नाल्यासाठी वापरलाय.
आस्मा म्हणते, राहू दे, दुपारी बघू.
वकिलाचा फोन दोनदा येऊन गेला.
खिडकीत पिशवी आहे, तळाला थोडी उरलेली,
उन्हात नीट बघितलं तर
किंचित केशरी.